कुलूपबंद गाडीचा वारसा होत नाही

कोटभर रुपयांची स्पोर्ट्स कार घ्यायची, सीटवरचं प्लास्टिकही न काढता शेडमध्ये उभी करायची आणि ‘पन्नास वर्षांनी हिला सोन्याचा भाव येईल’ असं चारचौघांत सांगत सुटायचं, हे खूळ आता कोल्हापुरातही शिरलंय. मी स्पष्ट सांगतो, तो भाव येणार नाही. गाडी भंगारात जाईल.

दसऱ्याला कोल्हापूर संस्थानच्या राजाराम महाराजांच्या काळातली मायबाख मोटार दसरा चौकात येते, तेव्हा पोरंटोरं बापाच्या खांद्यावर चढून ती बघतात. मायबाख कंपनीनं दुसऱ्या महायुद्धातच मोटारी बनवणं थांबवलं होतं. गाडी मात्र आजही चालते, कारण तिच्यात कुणाची परवानगी लागेल असं काहीच नाही. अशा गाडीचा बुश झिजला, तर माप घेऊन लेथवर नवा कातता येतो. कास्टिंग तडकलं, तर पॅटर्न करून फौंड्रीत ओतता येतं. आमच्या उद्यमनगरच्या कित्येक पिढ्या याच कामावर जगल्या.

आता बीएमडब्ल्यूची आय८ घ्या. कार्बन फायबरची केबिन, दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि लिथियम बॅटरी. २०२० साली तिचं उत्पादन थांबलं. उद्या बॅटरीचे सेल मेले, कंट्रोल मॉड्यूल जळालं, तर उद्यमनगरातला सर्वांत निष्णात टर्नरही हात टेकेल. या पिढीच्या गाड्यांत नवं मॉड्यूल नुसतं बसवून भागत नाही, त्याचं कोडिंग करावं लागतं आणि त्याच्या किल्ल्या कंपनीच्या हातात असतात. पैसे तुमचे, मालकी त्यांची!

काहीजण सचिनची फेरारी ३६० मोडेना पुढे करतील. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल भेट मिळालेल्या त्या गाडीचं मोल सचिनमुळे आहे. तुमच्या शेडमधल्या गाडीमागे कोण आहे?

२०२१च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. पण तोवर तिचे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कोण देणार, यावर तो नियम मूग गिळून बसलाय. उत्पादन थांबलं की सॉफ्टवेअर आणि ड्रॉइंग खुली करायची, अशी सक्ती कंपन्यांवर कायद्यानंच हवी. ही मागणी रेटण्याची ताकद कोटी मोजणाऱ्यांकडेच आहे. चेकवर सही करण्याआधी शोरूममध्ये एवढं लेखी मागा. मिळालं नाही, तर गुंतवणुकीच्या गप्पा बंद करा आणि गाडी रस्त्यावर काढा.