तलवारीच्या लखलखाटात हरवलेली हेटकऱ्यांची बंदूक

१/ राजापूर तालुक्यातील नाटे येथे जैतापूरच्या खाडीवर नजर ठेवून यशवंतगड उभा आहे. याच खाडीतून गलबते राजापूरच्या पेठेकडे जात. गडावर जाणारा तरुण इतिहासप्रेमी तटाचे छायाचित्र काढतो आणि त्याच्या शेजारी हटकून तलवारीचे चित्र जोडतो. किल्ल्याच्या तटात जंग्या ठेवतात त्या बंदुकीसाठी, एवढा साधा विचारही त्या वेळी त्याच्या मनाला शिवत नाही.

२/ यामागे एक लाडका सिद्धान्त आहे. तलवार आपली आणि बंदूक परक्यांची. मराठ्यांनी बंदुका टोपीकरांकडून विकत घेतल्या, स्वतः घडविल्या नाहीत, असे तो सांगतो. त्यातील खरेदीची गोष्ट खरी आहे. उरलेला सिद्धान्त खोटा आहे, आणि त्या खोटेपणाचा सर्वांत मोठा अन्याय दक्षिण कोकणावर झाला आहे.

३/ मराठ्यांच्या पायदळात घाटमाथ्याचे मावळे होते, तसे कोकणचे हेटकरीही होते. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांच्या शस्त्रांची नोंद केली आहे. तलवार, ढाल आणि तोड्याची बंदूक ही दोघांचीही आयुधे. सावंतवाडीकडील काही हेटकरी मात्र चकमकीच्या चापाची बंदूक वापरीत. हा चाप पोर्तुगिजांकडून फार पूर्वी आला, असे तो लिहितो.

४/ त्याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट सांगतो. हेटकरी अचूक नेमबाज होते. तलवार उपसून तुटून पडण्यात मावळे श्रेष्ठ होते. पुढच्या लेखकांनी या नोंदीतील दुसरा भाग उचलला आणि पहिला विसरला. शौर्य म्हणजे तलवारीचा घाव, अशी व्याख्या एकदा मान्य केली की श्वास रोखून नेम धरणारा कोकणी शिपाई आपोआप दुय्यम ठरतो. ही इतिहासाची मोजणी नव्हे. ही मोजपट्टीच वाकडी आहे.

५/ चकमकीचा चाप परका होता, हे मान्य करावे. पण विद्येची वाट एकाच दिशेने वाहत नव्हती. १५१० मध्ये आल्बुकर्कने विजापूरकरांकडून गोवा घेतला, तेव्हा तेथे बंदुका आणि तोफा घडविणारे कारागीर आधीच होते. १५१३ मध्ये त्याने आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रांत गोव्यातील बंदुकांची तुलना जर्मन बंदुकांशी केली आहे, आणि त्या तुलनेत गोवा उणा पडत नाही.

६/ पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि जपानला तोड्याची बंदूक मिळाली. तिच्या चापाची घडण गोवा व मलाक्का येथील बंदुकांशी जुळते, असे काही अभ्यासक मानतात. ज्या किनाऱ्यावरील कारागिरीचा माग जपानपर्यंत काढला जातो, त्याच किनाऱ्याला ‘बंदूक आमची नव्हे’ असे पढविले जावे, हा अजब न्याय आहे.

७/ विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट पुरावाही पाहावा. १६६० मध्ये राजापूरच्या वखारीतील इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीस पन्हाळ्याला गेले व त्यांनी गडावर मारा केला. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चाल करून त्यांना कैद केले. रामचंद्रपंत अमात्यांचे, १७१५ च्या सुमाराचे, ‘आज्ञापत्र’ही टोपीकरांचे बळ दर्या आणि दारूगोळ्यात आहे असे बजावते. मात्र तेच ‘आज्ञापत्र’ गडावरील दारूखाना कोठे असावा, दारूच्या सामानास वेळोवेळी ऊन कसे द्यावे, हेही काटेकोरपणे सांगते. बंदुकीला परकी मानणारे राज्य असे नियम लिहीत नाही.

८/ आता घडणीकडे वळू. देशी बंदुकीची नळी बहुधा लोखंडाची पट्टी सळईभोवती पिळून, भट्टीत तापवून, घणाने एकजीव करून तयार होई; मग आतून कोरून गुळगुळीत केली जाई. चांगल्या नळीवर दिसणारी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी वरून चढविलेली नसते. ती पिळलेल्या लोखंडाचीच वीण असते. जाणकाराला ती पाहून नळी कशी घडली ते वाचता येते.

९/ दस्त्याचेही तसेच. लांब, सरळ, अरुंद लाकूड. त्यावर नळी धरून ठेवणारे पितळी किंवा चामड्याचे बंद. नळीच्या तोंडाशी फुगीर, कधी फुलासारखा तर कधी वाघाच्या जबड्यासारखा घाट. फुगीर तोंडाने कड मजबूत होते, बंद नळीला आवळतात, हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या पट्ट्या लाकडाची कड झिजू देत नाहीत. येथे अलंकार उपयोगातूनच उगवला आहे. ‘शोभेची वस्तू’ म्हणून हिणविणाऱ्यांनी ती बंदूक नीट पाहिलेलीच नसते.

१०/ या वस्तूला सरसकट ‘रायफल’ म्हणण्याची नवी खोड निघाली आहे. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. कोकणातील ठासणीच्या बंदुकीची नळी सामान्यतः आतून सपाट असते; म्हणून तीत एक गोळीही चाले आणि मूठभर छर्रेही. ससा किंवा रानकोंबडा टिपण्यास छर्रे, रानडुकरास गोळी. नाव चुकले की उपयोग चुकतो, आणि उपयोग चुकला की इतिहासही.

११/ मग ही बंदूक गेली कोठे? १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातही शेतीच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद राहिली. त्या तरतुदीच्या आधारे ती कोकणातील घरांत टिकली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे युग संपविले. ते योग्यच झाले. ‘परंपरा’ म्हणून ससे मारण्याचा किंवा घरात विनापरवाना बंदूक घडविण्याचा हक्क कोणी मागत असेल, तर तो इतिहासप्रेमी नव्हे.

१२/ खरा प्रश्न वेगळा आहे. परवानाधारक आजोबा जातात, वारसाला परवाना नको असतो किंवा मिळत नाही, आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. मुदतीत कायदेशीर हक्कदार पुढे आला नाही तर ती सरकारजमा होते. हा कायद्याचा रास्त मार्ग आहे. परंतु जमा करताना नळीची लांबी, चापाचा प्रकार, दस्त्याचे लाकूड, बंदांची घडण यांची नोंद कोण करतो? पावतीवर ‘एक ठासणीची बंदूक’ एवढेच उरले, तर एका लोहाराची आणि एका सुताराची विद्या त्या तीन शब्दांत गाडली जाते.

१३/ दुसरा घात हौशी हातांचा. जुनी नळी चकचकीत करण्यासाठी तिच्यावर काचकागद किंवा आम्ल चालविले की पोलादाची वीण कायमची पुसली जाते. आणि अनेक जुन्या बंदुका भरलेल्याच राहिलेल्या असतात. ठासलेली दारू कित्येक वर्षांनीही पेट घेऊ शकते. तेव्हा जाणकाराने तपासल्याखेरीज तिला हात लावू नये.

१४/ रंजक म्हणजे कानावरची पेटती दारू. तोडा आणि जामगी म्हणजे ती पेटविणारी वात. गज म्हणजे दारू ठासण्याची सळई. हे शब्द जाणणारी शेवटची पिढी आज नाटे, राजापूर, सावंतवाडीच्या गावांत म्हातारी होत आहे. तलवारीचे आणखी एक चित्र लावल्याने मराठ्यांचे शौर्य वाढणार नाही. पण त्या पिढीच्या अंगणात बसून हे शब्द, ती मापे, ती घडण लिहून घेतली, तर हेटकऱ्याला त्याचे हिरावलेले स्थान परत मिळेल. जो इतिहास स्वतःच्या नेमबाजाचे नाव विसरतो, त्याने तलवारीच्या धारेच्या बढाया मारू नयेत.