काटकसर कुणाला शिकवता?

दोस्तांनो, मागल्या रविवारी विहारात एक साहेब आले. आपलेच. म्हणाले, कर्ज फिटत नाही कारण आपली माणसं उधळी. बाबासाहेब न्यूयॉर्कात अर्धपोटी राहून पुस्तकं घेत, तुम्ही निदान चहा सोडा.

माझ्या आईनं चहातलं दूध सोडलं त्याला नऊ वर्षं झाली. आता तिनं काय, श्वास सोडायचा?

हिशेब मांडा. मी सूतगिरणीत बदली कामगार. बापाच्या ऑपरेशनला 20,000 काढले, महिना शेकडा 10 नं. दरमहा 2,000 व्याज. दहा महिन्यांत 20,000 भरले, मुद्दल जागच्या जागी! ह्यात उधळपट्टी कुठंय? सावकाराकडं परवाना नव्हता. 2014 चा सावकारी कायदा आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही. साहेबांनीही नाही.

सुटलो ते भिशीनं. गल्लीतली दहा घरं, घरटी 2,000. पहिली उचल आम्हाला दिली, मुद्दल एका दमात तोंडावर फेकलं. मग तेच 2,000 दहा महिने भिशीत, आणि संपलं. चहा तोच, बिनदुधाचा.

आता कार्यकर्त्यांनो, तुम्हीही ऐका. त्याच महिन्यात तुम्ही जयंतीच्या डीजेची पावती घेऊन दारात आलात. 500. भिशीचे होते ते. आईनं दिले, बाबासाहेबांच्या नावावर नाही कसं म्हणणार ती? यंदा पावतीबुक नका आणू. वही आणा. कुणाच्या उरावर किती व्याज, घरोघर लिहून घेऊ अन् यादीसकट जिल्हा उपनिबंधकाच्या दारात बसू. सोमवारी चला. मी रात्रपाळी करून तसाच येतो.