चिंध्यांना नाव मिळालं, डोक्राचं काय?

1967 साली इटलीत जेर्मानो चेलांत या तरुण समीक्षकाने काही कलावंतांच्या कामाला नाव दिलं : 'आर्ते पोवेरा', म्हणजे गरीब कला. माती, कोळसा, चिंध्या हे त्यांचं साहित्य. त्याच वर्षी पिस्तोलेत्तोने चिंध्यांच्या ढिगाऱ्यासमोर व्हीनस उभी केली. चेलांत लिहीत राहिला, म्हणून ही कला जगभर पोचली.

आता आपल्याकडे बघा. आदिलाबादचे वोज कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतात, वरून माती लिंपतात. भट्टीत मेण वितळतं, त्या पोकळीत पितळ ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती वेगळी. तरी चिंध्या 'कला' आणि डोक्रा 'हस्तकला'! 2018 मध्ये डोक्राला जीआय मिळालं, चांगलंच झालं. पण त्याने नाव जपलं जातं ते जिल्ह्याचं. मूर्ती कुणी घडवली, काय विचार करून घडवली, ते लिहावंच लागतं.

"मराठीत लिहून कोण वाचणार?" असं मित्र विचारतात. अहो, चेलांतनेही आधी इटालियनमध्येच लिहिलं होतं. आपल्या कानावर तर तेलुगू, गोंडी, मराठी तिन्ही भाषा पडतात. मग वही घेऊन भट्टीपाशी आपण नाही बसायचं, तर कोणी?