दार उघडे, उंबरठा उंच

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि जगभरची असंख्य धडधाकट यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे हे संगणक भंगारात काढावेत की त्यांवर लिनक्स बसवावे, हा प्रश्न शाळांपुढे, लहान कचेऱ्यांपुढे आणि बेताच्या परिस्थितीतल्या विद्यार्थ्यांपुढे आज आहे. लिनक्स विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रांवरही बरे चालते, हे आता फारसे पटवून द्यावे लागत नाही. गाडे अडते ते त्याच्या आधीच. ते उतरवून घेण्याच्या पानावर.

डेबियनचेच उदाहरण घेऊ. इयन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभा आहे. उबुंटूसारख्या लोकप्रिय प्रणालीचा पायाही तोच. वापरणारी माणसे आणि मुक्त सॉफ्टवेअर हे आपले अग्रक्रम, असे त्याने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारनाम्यात लिहून ठेवले आहे. त्या वापरणाऱ्या माणसाला फाइलींच्या यादीत पहिली ठेच लागते ती ‘एएमडी६४’ या शब्दाची. त्याच्या यंत्रावर तर इंटेलची चिठ्ठी चिकटवलेली असते! ही फाइल आपली नव्हे, असे समजून तो सरळ मनाचा मनुष्य पुढे सरकतो आणि भलतीच फाइल घेऊन बसतो. एके काळी या यादीत ‘आयए६४’ असेही एक नाव होते. इंटेलवाल्यांना ते आपलेच वाटावे असे. पण ते होते इटेनियम या निराळ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी. वस्तुतः आज घरोघरच्या संगणकांत असलेली ६४ बिटांची रचना आधी एएमडीने काढली, २००३ मध्ये ऑप्टेरॉन प्रोसेसरच्या रूपाने बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी इंटेलनेही तीच उचलली. जनकाचे नाव चालवणे न्यायाचेच आहे. परंतु जुना संगणक पुन्हा उभा करू पाहणारा शिक्षक काही इतिहासाच्या परीक्षेला बसलेला नसतो. ‘इंटेलच्या बहुतेक संगणकांनाही हीच फाइल’ एवढी एक ओळ त्या नावाशेजारी लिहिली तर कोणते तत्त्व बुडणार आहे?

डेबियनने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुखपृष्ठावर आता डाउनलोडचे ठळक बटण आहे आणि बहुसंख्यांना लागणारी फाइल त्यातून मिळते. त्याहून मोठी गोष्ट वायफायची. अनेक वायफाय कार्डांना लागणारे फर्मवेअर मुक्त नाही, म्हणून ते अधिकृत चकतीत वर्षानुवर्षे नसे. ते असलेली चकतीही तयार होत होती. पण ‘अनधिकृत’ असा शिक्का मारून ती आडवाटेला ठेवलेली. ज्याचे वायफायच चालू होत नाही, त्याने ही आडवाट शोधायची कशी? अखेर २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर अधिकृत चकतीत आले. तत्त्वाचा प्रश्न क्षुल्लक नव्हता, पण त्याची किंमत नवखा मनुष्य मोजत होता.

पुस्तिकेची तऱ्हा मात्र फारशी बदललेली नाही. डेबियनच्या स्थापना-पुस्तिकेत पहिले प्रकरण डेबियन म्हणजे काय याचे, दुसरे यंत्रसामग्रीचे, तिसरे पूर्वतयारीचे. चकती कशी मिळवावी हे चौथ्यात. नवख्याला हवी असलेली थोडक्यातली कृती आहे, पण ती परिशिष्टात! पहिलीच्या मुलाच्या हाती व्याकरण देऊन मुळाक्षरे शेवटच्या पानावर छापावीत, तसा हा प्रकार. डॅनिएल प्रोचिदा यांनी ‘डायटॅक्सिस’ या आपल्या मांडणीत शिकवणारा पाठ, विशिष्ट कामाची कृती, संदर्भ आणि विवेचन असे लेखनाचे चार प्रकार वेगळे केले आहेत. चांगल्या शिक्षकाला यात नवे काही आढळणार नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मात्र ते सांगावे लागले.

स्वयंसेवकांकडून एवढी अपेक्षा का करावी, असे कोणी म्हणेल. पण तेच स्वयंसेवक तीच ती शंका शंभरदा निरसत बसतात. त्यात जाणारा वेळही त्यांचाच असतो. थोडे वाचावे, कष्ट घ्यावेत, हा उपदेश करणाऱ्यांनी स्वतःला प्रथम कोणी हात दिला होता ते आठवावे.

डेबियन बसवताना पडद्यावर मराठी निवडता येते, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्या पडद्यापर्यंत नेणारी पुस्तिका मराठीत नाही. सबंध पुस्तिकेचे राहू द्या. ते परिशिष्ट तर लहानसेच आहे. एखाद्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने ते मराठीत आणावे आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी लिनक्स कधीही न बसवलेल्या एखाद्या कारकुनाच्या हाती देऊन, मध्ये एक शब्दही न बोलता, तो कोठे अडखळतो ते पाहावे.