मदत फुकट, जबाबदारीला मोल

फुकट कोड वाटणारे लोक व्यावसायिक प्रोग्रॅमरच्या पोटावर पाय देतात, हा आक्षेप बराच जुना आहे. फेब्रुवारी १९७६मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. ऑल्टेअर संगणकासाठी त्यांच्या कंपनीने केलेल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रती लोक आपसांत सर्रास वाटत होते. व्यावसायिक दर्जाचं काम फुकटात करणं कोणाला परवडेल, असा गेट्स यांचा सवाल होता. याच्या उलट टोकाला दुसरा पक्ष उभा आहे. खरा प्रोग्रॅमर ज्ञान वाटत जातो, पैसे मागणारा विद्येचा बाजार मांडतो, असं हा पक्ष मानतो.

दोन्ही पक्ष चुकतात, आणि चूक एकाच जागी होते. मदत करणं आणि जबाबदारी घेणं यांची दोघेही सरमिसळ करतात.

आधी पहिला पक्ष पाहू. विनापरवाना प्रतींबद्दलची गेट्स यांची तक्रार रास्तच होती. पण चांगलं काम फुकट होऊच शकत नाही, हे त्यामागचं गृहीतक इतिहासाने खोटं ठरवलं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचा गाभा लोकांपुढे ठेवला. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक आणि झाडून सगळे अँड्रॉइड फोन त्यावर चालतात. त्यामुळे प्रोग्रॅमर बेकार झाले का? लिनक्सच्या गाभ्यातले बहुतांश बदल आता इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. आयबीएमने २०१९मध्ये रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. तिचा कोड तर खुलाच आहे. ग्राहक पैसे मोजतात ते वेळेवर मिळणाऱ्या सुधारणांसाठी आणि अडल्यावर धावून येणाऱ्या माणसासाठी. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअरही कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. कंपनीचा चरितार्थ ते चालवून देण्याच्या सेवेवर होतो.

दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद अधिक घातक आहे, कारण तो उदात्त वाटतो. त्याची किंमत दोन उदाहरणांत दिसते.

ओपनएसएसएल ही इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त राखणारी प्रणाली. तिच्यात २०१२मध्ये शिरलेली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक एप्रिल २०१४मध्ये उघड झाली. समोरून आलेल्या संदेशाची खरी लांबी तपासायची राहून गेली होती, आणि तेवढ्या फटीतून सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर बाहेर झिरपत होता. बँकांपासून सरकारांपर्यंत सगळ्यांची भिस्त असलेल्या या प्रणालीला तोवर देणग्या मिळत वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच. बोभाटा झाल्यावर मग मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा केला.

दहा वर्षांनी तोच प्रकार आणखी भयंकर रूपात घडला. ‘एक्सझेड’ हे फाइल लहान करणारं साधन लासे कॉलिन एकहाती, बिनपगारी सांभाळत होते. सुधारणा लवकर येत नाहीत म्हणून २०२२मध्ये अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला. हे काम आपण छंद म्हणून विनामोबदला करतो, असं त्यांनी लिहून कळवलं. त्याच काळात ‘जिया टॅन’ नाव धारण केलेली व्यक्ती फुकट मदतीला हजर होती. तिने चिकाटीने विश्वास मिळवला, निम्मा कारभार हाती घेतला आणि २०२४मध्ये साधनात चोरवाट पेरली. मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेस या डेटाबेसचं काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं. त्यांनी माग काढला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणाऱ्या एका माणसावर जगाने किती ओझं टाकलं होतं, हे त्या दिवशी दिसलं.

मग मदत आणि जबाबदारी यांतली सीमारेषा कुठे आखायची? खुल्या कोडच्या परवान्यांनी ती आधीच आखलेली आहे. तीन परिच्छेदांत मावणाऱ्या एमआयटी परवान्यात कॅपिटल अक्षरांत बजावलेलं असतं, की हे सॉफ्टवेअर ‘आहे तसं’ दिलेलं आहे, त्याची कोणतीही हमी नाही आणि नुकसान झाल्यास लेखक जबाबदार नाही. देणारा कोड देतो, हमी देत नाही.

विद्यार्थ्याची अडलेली ओळ सोडवून देणं, स्वतःचा कोड खुला करणं, शंकेला उत्तर देणं ही मदत. ती मुक्तहस्ताने करावी. हा व्यवसाय तिच्यावरच वाढला आहे. पण ठरलेल्या तारखेला काम हवं, रात्री अकराला सर्व्हर बंद पडला तर कोणीतरी उठायला हवं, ही जबाबदारी. ओळखीतल्या मुलाकडून सोसायटीच्या बिलांचं सॉफ्टवेअर फुकट करून घेतलं जातं. मुलगा नोकरीसाठी परगावी जातो आणि पासवर्डसुद्धा कोणाला ठाऊक नसतो. अशा वेळी मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. सोसायटीने जे विकत घ्यायला हवं होतं, ते मागून आणलं होतं.

दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २०००मध्ये आणलेला हा डेटाबेस जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे आणि त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. तो सांभाळणाऱ्या छोट्या चमूचा खर्च मात्र सदस्य कंपन्या उचलतात, म्हणूनच २०५०पर्यंत देखभाल करण्याचा मानस तो जाहीर करू शकतो.

भारतातही सुरुवात झाली आहे. शेअर दलालीतल्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. फुकटच्या कोडवर धंदा उभारलेल्या पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक कंपनीने आपल्या अंदाजपत्रकात असा एक रकाना ठेवावा. आणि तरुण प्रोग्रॅमरांनी मदत खुशाल फुकट करावी, जबाबदारी घेताना मात्र कामाची व्याप्ती आणि मोबदला आधी कागदावर आणावा.