सोसायटीची शान आणि काकूंच्या पोळ्या

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत एक गृहस्थ वार्षिक सभेआधी सह्या गोळा करत फिरताहेत. मागणी अशी: ही निवासी वस्ती आहे, बाजार नव्हे. घरातून पोळ्या, फराळ, ब्लाउज विकणं बंद करा. वास येतो, परकी माणसं येतात, लिफ्ट झिजते, फ्लॅटचे भाव पडतात. भाव पडतात याला पुरावा एकच, त्यांच्या मेव्हण्याचा अंदाज.

भाजणीच्या वासाने ज्याचं डोकं उठतं त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लिफ्ट झिजत असेल तर पोळ्या विकणाऱ्या काकूंकडून मेंटेनन्स थोडा जास्त घ्या.

परक्या माणसांचं मात्र सोडवत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी संध्याकाळी स्टूल असतं, त्यावर डबे, झाकणांवर चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने आडनाव व पोळ्यांचा आकडा. माणूस येतो, क्यूआर कोड स्कॅन करतो, डबा उचलून जातो. आणि गृहस्थांच्या दारी? दुपारी कुरिअर, रात्री पिझ्झा, मध्येच दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी आणणारा पोरगा. घेणाऱ्याच्या दारातला परका चालतो, विकणारीच्या दारात आला की तोच चोर! बरं, हे स्वतः २०२० पासून बेडरूममध्ये कंपनी चालवल्यासारखे बसलेत. कचेरीचं भाडं कंपनीचं वाचतं आणि रात्री अकराला कॉलवरचा आरडाओरडा आम्ही ऐकतो. पण ते ‘वर्क फ्रॉम होम’! तळमजल्यावरचे सीए प्रतिष्ठित, जिनाभर चपला पसरणारे गणिताचे क्लास तर विद्यादान. काकूंच्या हाताला पीठ लागतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

गच्चीवरच्या वाळवणावरून याच गृहस्थांशी एकदा वाजलं होतं. तेव्हा सांगितलं ते पुन्हा सांगतो. १९५९ साली गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्या गच्चीला आमच्या गच्चीसारखं कुलूप असतं तर? गिरणगावातल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या कितीतरी खानावळी बायकांनी चाळीतल्या खोल्यांतूनच चालवल्या. तेव्हा चाळीची शान गेल्याचं ऐकिवात नाही.

मग काहीही चालू द्यायचं का? नाही. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर धंद्याला वापरायचं नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. रात्री दहानंतर मिक्सर बंद. पण एवढं पाळलं तर अडचण कसली? महावितरणच्या दरपत्रकातही महिन्याला ३०० युनिटच्या आतला छोटा धंदा घराच्या दरात बसत आला आहे. वीजवाल्यांना जे पटलं ते आपल्यालाही पटायला हरकत नसावी.

तरीही ठराव आणायचाच असेल तर त्यात पोळ्यांबरोबर क्लास, सल्लागारी आणि लॅपटॉपही घाला. मग सभेत हात किती वर होतात ते बघू.