विश्लेषण : समुद्र नसलेल्या नागपुरात शिकता येईल का नौकेचे गणित?

‘आयएनएसव्ही म्हादेई’ आणि ‘आयएनएसव्ही तारिणी’ या दोन शिडाच्या नौकांनी भारतीय नौदलाच्या सागर परिक्रमांचा इतिहास घडवला. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये म्हादेईवरून एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केली. तारिणीवरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी हाच पराक्रम केला. दोन्ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या. मूळ आराखडा मात्र नेदरलँड्समधील ‘व्हॅन डी स्टाट’ या संस्थेचा होता. नौका बांधणारे हात आपल्याकडे आहेत, पण ती पाण्यात कशी वागेल हे आधीच सांगणारे आरेखन बाहेरून आणावे लागले. हे आरेखन शिकण्याचे एक साधन म्हणजे संगणकीय द्रवगतिकी, अर्थात सीएफडी. त्यासाठी संगणक लागतो, किनारा लागत नाही. म्हणूनच नागपूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यालाही ते शिकणे शक्य आहे. मात्र हल्ली ज्या पद्धतीने ते शिकले जाते, त्यात एक मोठी उणीव आहे.

सीएफडी म्हणजे नेमके काय?

पाणी कसे वाहते हे सांगणारी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. पण नौकेसारख्या आकाराभोवती ती कागदावर सुटत नाहीत. सीएफडीमध्ये नौकेभोवतीच्या पाण्याचे आणि हवेचे लाखो लहान तुकडे पाडतात. या तुकड्यांच्या जाळीला ‘मेश’ म्हणतात. प्रत्येक तुकड्यात किती पाणी आले, किती बाहेर गेले, दाब आणि वेग किती, याचा हिशेब संगणक पुन्हा पुन्हा करतो. हा हिशेब जुळत आला की नौकेला होणारा विरोध, तिच्यावरचा बाजूचा रेटा आणि तिच्यामुळे उठणाऱ्या लाटा यांचा अंदाज मिळतो.

शिडाच्या नौकेचे गणित अवघड का?

विमानाभोवती फक्त हवा असते, नळातून फक्त पाणी वाहते. नौका मात्र दोन्हींच्या सीमेवर चालते आणि ती सीमाही सतत हलत असते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. त्यामुळे ही सीमा थोडी जरी चुकली तरी उत्तर बरेच बिघडते.

नौकेला मुख्यतः दोन प्रकारचा विरोध होतो. एक पाण्याच्या घर्षणाचा, दुसरा लाटा उठवण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा. पाण्याच्या पातळीवर ९ मीटर लांब असलेली नौका ताशी साधारण साडेतेरा किलोमीटर, म्हणजे सात नॉटच्या थोडी पुढे गेली, की ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकू लागते. त्यापुढे वेग थोडा वाढवायलाही खूप जास्त जोर लागतो.

मालवाहू जहाज सरळ चालते. त्यामुळे अर्ध्याच जहाजाचा हिशेब करून उत्तर दुप्पट करता येते. शिडाची नौका वाऱ्याने एका बाजूला कलते आणि किंचित तिरकी सरकत पुढे जाते. तिची डावी-उजवी बाजू पाण्यात सारखी राहत नाही. तळाखालची वजनदार कील विमानाच्या पंखासारखे काम करते. त्यामुळे पूर्ण नौकेचा, वेगवेगळ्या कलांवरचा आणि वेगांवरचा हिशेब मांडावा लागतो.

टाकीतल्या चाचण्या संपल्या का?

ब्रिटिश अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७२ मध्ये टॉर्की येथे टाकी उभारून जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहायला सुरुवात केली. त्यांचा नियम असा : प्रतिकृती एक-दशांश असेल तर ती एक-दशांश वेगाने नव्हे, तर मूळ वेगाच्या सुमारे ३२ टक्के वेगाने ओढायची. मग लाटांचा आकार त्याच प्रमाणात जुळतो. घर्षण मात्र या प्रमाणात जुळत नाही. ते वेगळे मोजून जोडावे लागते. १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया २’ या नौकेने पंख असलेल्या कीलच्या साह्याने अमेरिका चषक जिंकला आणि न्यूयॉर्क यॉट क्लबची १३२ वर्षांची मक्तेदारी मोडली. त्या कीलच्या चाचण्याही नेदरलँड्समधील टाकीत झाल्या होत्या.

आपल्याकडचे ताजे उदाहरण ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’चे. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील जहाजाच्या चित्रावरून ही शिवलेल्या फळ्यांची नौका साकारली. तीही गोव्यात, दांडेकर यांच्याच होडी इनोव्हेशन्स या कंपनीने बांधली आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या भिंतीवर आराखडा नाही, मापे नाहीत; आहे फक्त चित्र. म्हणून नौदलाने आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने प्रतिकृतीच्या जलचाचण्या करून घेतल्या. अंदाज कितीही चांगला असला तरी तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो, हे या नौकेच्या उभारणीतून दिसते. सीएफडीलाही हीच शिस्त लागते.

रंगीत चित्रांचा धोका कोणता?

सीएफडीचे सॉफ्टवेअर नेहमी काहीतरी उत्तर देतेच. लाल-निळ्या रंगांतील लाटांचे चित्र प्रकल्प अहवालात सुंदर दिसते आणि परीक्षकही प्रभावित होतात. पण ते उत्तर बरोबर आहे की नाही, हे चित्रावरून कळत नाही.

नौकेच्या हिशेबात वारंवार होणारी एक चूक पाहा. जाळी नीट बसली नसेल तर संगणकात नौकेच्या पोटाखाली हवेचे पट्टे शिरतात. प्रत्यक्षात तिथे फक्त पाणी असते. हवेमुळे घर्षण कमी दिसते आणि नौका आहे त्याहून वेगवान असल्याचे उत्तर येते. संगणक कोणतीही सूचना देत नाही. ही चूक पकडायची असेल तर पोटाखालचे पाणी मुद्दाम उघडून पाहावे लागते आणि घर्षणाचा आकडा हाताने काढलेल्या अंदाजाशी ताडावा लागतो.

दुसरी तपासणी जाळीची. तीच नौका किमान तीन वेगवेगळ्या बारकाईच्या जाळ्यांवर मोजायची. जाळी बारीक करत गेल्यावर उत्तर स्थिरावत नसेल, तर पहिल्या आकड्याला अर्थ नाही. हे काम खर्चिक आहे. तुकड्याची प्रत्येक बाजू निम्मी केली की तुकडे आठपट होतात आणि वेळेची पायरीही निम्मी करावी लागते. म्हणजे काम सोळापट. आठ तासांत संपणारा हिशेब पाच दिवसांहून अधिक चालतो. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात पाच दिवस लॅपटॉप सुरू ठेवण्यापेक्षा ही तपासणी गाळणे सोपे वाटते आणि बहुतेक वेळा तीच गाळली जाते.

नागपुरातून सुरुवात कशी करता येईल?

पैशांची अडचण आता मोठी राहिलेली नाही. ‘ओपनफोम’ हे सॉफ्टवेअर २००४ पासून मोफत आणि खुले आहे. ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची सीएफडीवरील व्याख्याने फुकट पाहता येतात. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी ओपनफोमवर प्रकल्प करतात आणि त्यांचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात.

क्रम मात्र महत्त्वाचा. आधी तरंगण्याचे आणि स्थैर्याचे साधे गणित : नौका किती बुडेल, किती कलल्यावर उलटेल. ते वहीवर किंवा एक्सेलमध्ये होते. त्यानंतर नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाने १९७० च्या दशकापासून शिडाच्या नौकांच्या प्रतिकृती ओढून गोळा केलेली मोजमापे. ती खुली आहेत आणि त्यांवर आधारलेल्या सूत्रांतून नौकेच्या विरोधाचा अंदाज काही मिनिटांत निघतो. सीएफडी तिसऱ्या पायरीवर. ओपनफोमसोबत ‘डीटीसी हल’ या मालवाहू जहाजाचे तयार उदाहरण मिळते. या जहाजाची टाकीतील मोजमापे प्रसिद्ध आहेत. आधी ते उत्तर जुळवायचे, मग डेल्फ्टच्या एखाद्या नौकेचे आणि त्यानंतरच स्वतःच्या आराखड्याकडे वळायचे. थेट स्वतःची नौका काढून ‘रन’चे बटण दाबणाऱ्याला आकडा मिळेल, तो खरा की खोटा, हे ठरवायला त्याच्याकडे काहीच नसेल.

नोकरीचे काय?

नौका आरेखनाच्या नोकऱ्या देशात मोजक्याच आहेत आणि विदर्भात त्या शोधूनही सापडणार नाहीत. फक्त त्या आशेवर महागड्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरणे शहाणपणाचे नाही. पण सीएफडी दुसरीकडेही उपयोगी पडते. कोराडीच्या वीज केंद्रातील बॉयलर आणि कुलिंग टॉवर, कारखान्यांतील पंप, इमारतींतील हवा खेळती ठेवणे, हे सगळे प्रवाहाचेच प्रश्न आहेत. मिहानमध्ये बोइंग ७८७ विमानासाठी कंपोझिट फ्लोअर बीम तयार झाले आहेत. आधुनिक नौकाही कंपोझिटच्याच बनतात. त्यामुळे नौकेच्या निमित्ताने शिकलेले गणित आणि साहित्याची जाण वाया जात नाही. तपासून पाहण्याची सवय तर प्रत्येक ठिकाणी लागते.

महाविद्यालयांनी काय करावे?

व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय संस्थेपासून खासगी महाविद्यालयांपर्यंत, अंतिम वर्षाच्या सीएफडी प्रकल्पासाठी दोन अटी घालता येतील. एक, तीन जाळ्यांवरील उत्तरांचा तक्ता. दोन, प्रसिद्ध प्रायोगिक मोजमापाशी तुलना आणि दोन्हींतील फरक टक्क्यांत. या अटींना नवी इमारत किंवा नवी खरेदी लागत नाही. फरक १२ टक्के आला असेल तर विद्यार्थ्याने तो तसाच लिहावा आणि कारण शोधावे; गुण त्या शोधाला मिळावेत. आज गुण बहुतेक वेळा चित्राला मिळतात. जोवर हे बदलत नाही, तोवर पुढच्या जगप्रदक्षिणेच्या नौकेचा आराखडाही बाहेरूनच आणावा लागेल.